पान्हा आणि प्राध्यापकी

पंचवीस-तीस वर्षें प्राध्यापकी केली म्हणजे माणसास एक व्याधि जडते. तिचें लक्षण असें कीं, समोरच्या माणसाचा प्रश्न पुरा होण्यापूर्वींच आपलें उत्तर सुरू झालेलें असतें. वर्गांत ही व्याधि झांकून जाते. किंबहुना तेथें तीस विद्वत्ता असें नांव मिळतें. वर्गाबाहेर मात्र ती केव्हां ना केव्हां उघडी पडते. आमच्या व्याधीचें निदान कोणा डॉक्टरनें केलें नाहीं. तें चटईवर बसलेल्या एका ओल्या बाळंतिणीनें केलें, आणि तेंही एक शब्द न बोलतां. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

कृष्णाकांठच्या आमच्या शहरांत अंगावर पाजणाऱ्या आयांचें एक छोटेंसें मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं दुपारीं एका वाचनालयाच्या मागच्या खोलींत दोन चटया पसरल्या जातात, कोपऱ्यांत चार उशा ठेवल्या जातात, आणि सभा भरते. व्यासपीठ नाहीं, हारतुरे नाहींत, आभारप्रदर्शन नाहीं. दहा-बारा आया येतात. एखादीबरोबर तिची सासू, एखादीबरोबर आई, आणि क्वचित् एखादा धीट नवराही. कोणी पाजीत असते, कोणी रडत असते. बाळें दोन्ही कामें आळीपाळीनें करीत असतात. जिनें आपलें मूल अंगावर पाजून वाढविलें आहे आणि त्यावर जिनें थोडें शिक्षणही घेतलें आहे, अशा बाईस आमच्यांत 'सखी' म्हणतात. सखी ही डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. तिला वेतन नाहीं, पदक नाहीं. तिनें जवळ बसावयाचें, ऐकावयाचें आणि ठाऊक असेल तेवढें सांगावयाचें. आम्ही स्वतः वीस वर्षें सखी आहों, आणि गेलीं सात-आठ वर्षें नव्या सखी तयार करण्याचें काम आमच्याकडे आहे.

"इतकी निसर्गसिद्ध गोष्ट शिकवावी लागते काय? गाईला कोण शिकवितें?" असा प्रश्न आमच्या महाविद्यालयांतील एका सहाध्यापकांनीं आम्हांस मोठ्या मिस्किलपणें विचारला होता. आम्हीं त्यांस उत्तर दिलें कीं, बोलणें हेंही निसर्गसिद्धच आहे. पण बोलणारीं माणसें आसपास नसतील तर मूल मुकेंच राहील. पाजणेंही असेंच पाहून पाहून येतें. ज्या घरांत आत्या, काकू, थोरली बहीण यांच्या बाळंतपणांचा राबता होता, त्या घरांतली मुलगी बाहुलीशीं खेळण्याच्या वयांतच ती निम्मी विद्या शिकलेली असे. आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत वाढलेल्या मुलीनें हातांत घेतलेलें पहिलें तान्हें मूल बहुधा तिचें स्वतःचेंच असतें. म्हणून जुन्या घराचे नुसते गोडवे आम्ही गाणार नाहीं. त्याच घरांत पहिला पिवळा चीक बाळाला जड म्हणून पिळून टाकीत, जिभेला मध चाटवीत, गुटी उगाळीत, आणि उन्हाळा आला कीं तान्ह्या जिवाला पाणी पाजीत. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून पाण्याचा थेंबही नको, हें आजचें शास्त्र त्या घरास मानवलें नसतें.

तरी पण नव्या व्यवस्थेंतही कांहीं हरवलें आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं, देशांतील शेंकडा ८८.६ प्रसूति रुग्णालयांत व तत्सम संस्थांत झाल्या. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या तासांत आईच्या अंगावर लागलेलीं बालकें शेंकडा ४१.८ च होतीं, आणि सहा महिन्यांच्या आंतलीं, केवळ आईच्या दुधावर असलेलीं बालकें शेंकडा ६३.७ होतीं. सुईणीच्या जागीं डॉक्टर आले, हें फारच चांगलें झालें. परंतु सुईण उठून गेल्यावर बाळंतिणीच्या उशाशीं जी जागा रिकामी झाली, ती अद्याप भरावयाची आहे.

ही जागा आयांनींच आयांसाठीं भरावी, ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत, शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्क ह्या गांवीं, १९५६ सालीं सात आया एकत्र आल्या आणि त्यांनीं 'ला लेचे लीग' ही संस्था काढली. त्या काळीं त्या देशांत बाटलीचीच चाल होती. अंगावर पाजूं इच्छिणाऱ्या बाईला विचारावयास कोणी नव्हतें. त्या संस्थेचा दंडक असा कीं, पुढें होऊन इतरांस मदत करूं पाहणाऱ्या बाईनें आधीं आपलें मूल पाजलेलें असावें. मग तिनें वाचावें, अनुभवी बाईबरोबर बोलावें, आणि आयांच्या प्रश्नांची रंगीत तालीम करावी. आमच्याकडेही ह्या विषयाची जाग बरीच जुनी आहे. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं मातृदुग्धपेढी निघाली. 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था १९९१ सालीं वर्धा येथें स्थापन झाली. आणि डब्याच्या दुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा १९९२ सालीं झाला व २००३ सालीं अधिक कडक करण्यांत आला. कायद्यानें जाहिरात बंद होते; परंतु रात्रीं दोन वाजतां रडणाऱ्या बाळापुढें हतबुद्ध झालेल्या आईस कायदा धीर देत नाहीं. त्यासाठीं माणूसच लागतें, आणि तें माणूस घडविणें हें आमचें काम.

तें आम्हीं कसें केलें, तें आतां सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं आमचीच एक जुनी विद्यार्थिनी सखी होण्यास पुढें आली. ती एका बँकेंत नोकरीस होती. मुलगी दीड वर्षाची होती. वर्गांत असतांना ही मुलगी पहिल्या बांकावर बसे आणि आमचें वाक्य न् वाक्य टिपून घेई. अशी शिष्या मिळाल्यावर कोणत्या गुरूस आनंद होणार नाहीं? आम्हीं तिला एक जाडजूड वही तयार करून दिली. तींत सर्व कांहीं होतें. बाळ चोखतें तेव्हां आईच्या मेंदूंतून दोन द्रव्यें सुटतात. प्रोलॅक्टिननें दूध तयार होतें, ऑक्सिटोसिननें तें बाहेर वाहूं लागतें. जेवढें ओढलें जाईल तेवढें नवें तयार होतें. बाळानें तोंडाचा मोठा 'आ' करून नुसतें स्तनाग्र नव्हे, तर भोंवतालचा काळा भागही तोंडांत घ्यावा. हनुवटी स्तनाला टेकावी. पहिल्या दिवसांत वजन थोडें उतरतें, तें दहा ते चौदा दिवसांत भरून यावें. दूध येऊं लागल्यावर दिवसांतून सहा वेळां तरी लंगोट भिजला पाहिजे. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीनें आवडीनें खावे. पण दूध लाडवानें नव्हे, पाजण्यानें वाढतें. हें सर्व तिनें मुखोद्गत केलें. आम्हीं तिची पन्नास मार्कांची लेखी परीक्षा घेतली, आणि तिला अठ्ठेचाळीस मार्क दिले. दोन कां कापले, हें आज सांगतां येत नाहीं. परीक्षकाचा हात पुरे मार्क देतांना अडखळतो, एवढेंच खरें.

पुढच्याच सभेस बारा दिवसांचें बाळ घेऊन एक मुलगी आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. बरोबर सासूबाई होत्या. त्यांनीं बसण्यापूर्वींच सांगून टाकलें कीं, हिला दूधच पुरत नाहीं, पोर रात्रभर रडतें, आतां वरचें दूध सुरू केल्यावांचून गत्यंतर नाहीं. मुलगी खालीं मान घालून बसली होती. आम्हीं आमच्या नव्या सखीस नजरेनें खुणावलें. तिनें सुरुवात केली. वाचकहो, तें व्याख्यान उत्तम झालें. त्यांत एकही चूक नव्हती. प्रोलॅक्टिन आलें, ऑक्सिटोसिन आलें, लंगोटांचा हिशेब आला, वरच्या दुधाचे तोटे अनुक्रमानें आले. सासूबाईंच्या प्रत्येक शंकेचें खंडन झालें. मुलगी दर वाक्याला "हो ताई, हो ताई" म्हणत होती. आम्ही समाधानानें मान डोलावीत होतों.

पुढच्या महिन्यांत ती आली नाहीं. त्याच्याही पुढच्या महिन्यांत आली नाहीं. एके दिवशीं भाजीबाजारांत ती आम्हांस दिसली. खांद्यावर बाळ होतें. आम्ही हंसून पुढें झालों, तोंच तिनें ओढणी सारखी केली, मान वळविली आणि ती गर्दींत शिरली. मागाहून तिच्या एका शेजारणीकडून कळलें कीं, सभेहून घरीं गेल्यावर चार दिवसांतच तिनें बाटली धरली होती. आणि ती शेजारणीजवळ म्हणाली होती, "त्या ताईंपुढं मी नापासच झाले. आतां तोंड कसं दाखवूं?"

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाटलीचें आम्हांस दुःख नव्हतें. बाळ बाळसेदार होतें. आणि कांहीं आयांस कांहीं कारणानें वरचें दूध द्यावेंच लागतें, त्यांत पाप नाहीं. दुःख ह्याचें कीं, अंगावर पाजणें थोडें तरी चालूं ठेवतां आलें असतें, त्याची वाट दाखवावयास ती पुन्हां आमच्याकडे येऊंच शकली नाहीं. मदतीस गेलेल्या मुलीस आम्हीं एका परीक्षेस बसविलें होतें.

हें आज कळतें. त्या वेळीं आम्हांस कळलें तें एवढेंच कीं, आमची शिष्या चुकली. आम्हीं तिला घरीं बोलावलें, समोर बसविलें आणि तिच्या चुका सांगितल्या: पहिली, दुसरी, तिसरी, अशा एकूण सात. आधीं तिचें नांव विचारावयास पाहिजे होतें. सासूबाईंस हरविण्याचें कारण नव्हतें. बाळ पितें कसें, हें पाहिल्यावांचून बोलावयास नको होतें. ह्याही व्याख्यानांत एकही चूक नव्हती. आमची शिष्या खालीं मान घालून "हो बाई, हो बाई" म्हणत होती.

तीन दिवसांनीं ती जाडजूड वही आमच्या दारांत परत आली. तिच्या नवऱ्यानें आणून दिली. आंत एक चिठ्ठी होती: "बाई, हें काम माझ्यानें होणार नाहीं. क्षमा असावी."

ती चिठ्ठी हातांत घेऊन आम्ही बराच वेळ बसलों. "हो ताई, हो ताई" आणि "हो बाई, हो बाई" हीं दोन वाक्यें कानांत एकमेकांत मिसळूं लागलीं. मग हळूहळू तें सभेंतलें व्याख्यान आठवलें. तो आवाज कोणाचा होता? शंकेचें खंडन करतांना वर उचललेलें तें बोट कोणाचें होतें? ती मुलगी आमची वही वाचून सखी झाली नव्हती. ती आम्हांस पाहून झाली होती. आम्हीं तिच्यापुढें जसें बसलों, तशीच ती त्या बाळंतिणीपुढें बसली. पाजणें पाहून पाहून येतें, असें सहाध्यापकांस ऐटींत सांगणाऱ्या आम्हांस, शिकविणेंही पाहून पाहूनच येतें, हें सुचलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हांस आमचें स्वतःचें बाळंतपण आठवलें. १९९९ सालची गोष्ट. आम्ही इंग्रजी वाङ्मयाच्या पदवीधर, चार बुकें वाचलेल्या. बाळपणाविषयींचीं दोन इंग्रजी पुस्तकें उशाशीं ठेवलेलीं. चौथ्या दिवशीं छाती दगडासारखी झालेली, बाळ तोंड लावीना, आणि आम्ही पुस्तकाच्या सूचींत त्याचें कारण शोधीत रडत होतों. इतक्यांत न्हाऊ घालणारी बाई आली. तिला अक्षरओळख नव्हती. तिनें पुस्तक बाजूला सारलें नाहीं, कीं आमची थट्टाही केली नाहीं. तिनें विचारलें, "रात्रीं डोळ्याला डोळा लागला का, ताई?" लागला नव्हता. तिनें तांब्याभर कोमट पाणी प्यावयास दिलें, गरम पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें छाती शेकली, थोडें दूध हातानें काढून टाकलें, कोंपराखालीं उशी सरकविली, आणि बाळाला आमच्या उघड्या छातीवर पालथें ठेवून ती शेजारीं नुसती बसून राहिली. पाव तास गेला असेल. बाळानें मान हलविली, तोंड उघडलें आणि धरलें. अंगांतून सर्रकन् कांहीं उतरल्यासारखें झालें. "पान्हा फुटला," ती म्हणाली, आणि उठून पाणी तापवावयास गेली.

पुढें ह्याचें शास्त्र आम्ही शिकलों. भीतीनें, वेदनेनें, लाजेनें पान्हा अडतो. बाळाच्या स्पर्शानें व निर्धास्तपणानें तो सुटतो. सुश्रुतसंहितेंतही अपत्याचा स्पर्श, त्याचें दर्शन, त्याचें स्मरण यांनीं स्तन्य वाहूं लागतें, आणि अखंड स्नेह हेंच त्या वाहण्याचें कारण होय, असें सांगितलें आहे. हें सर्व आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर होतें. परंतु तें बाळंतिणीबद्दल आहे, अशी आमची समजूत. नव्या सखीच्या अंगींचा धीरही भीतीनें तसाच आटतो, हें त्या पानावर लिहिलेलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वही न घेतां तिच्या घरीं गेलों. तिनें चहा केला. आम्हीं सांगितलें, "अग, त्या दिवशीं जी चूक झाली ती तुझी नव्हती. तूं माझीच नक्कल केलीस, आणि हुबेहूब केलीस." मग न्हाऊ घालणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. आणि त्यानंतर आम्ही गप्प बसलों. गप्प बसणें हें आम्हांस किती कठीण, तें आमच्या विद्यार्थ्यांस विचारावें! बऱ्याच वेळानें ती बोलूं लागली. तिच्या स्वतःच्या मुलीचें वजन पहिल्या महिन्यांत भरलें नव्हतें. एका वडीलधाऱ्या बाईनें सर्वांदेखत "शिकलेल्या बायकांना दूध येत नाहीं" असें म्हटलें होतें. पुढें मूल सुरेख वाढलें. पण तें वाक्य आंत राहिलें. "बाई, त्या मुलीच्या सासूबाई बोलायला लागल्या, आणि मला वाटलं कीं आतां जिंकलंच पाहिजे. त्या मुलीकडे माझं लक्षच नव्हतं," ती म्हणाली. आमच्या सात चुकांच्या यादींत ही चूक नव्हती. आणि खरी चूक हीच होती. ती तिची तिलाच ठाऊक होती. विचारणारें कोणी नव्हतें.

तेव्हांपासून आमची शिकविण्याची रीत बदलली. लेखी परीक्षा बंद झाली. आतां तालीम होते: आम्ही बाळंतीण होतों, कवटाळावयास एक उशी घेतों, आणि नवी सखी आमच्यापुढें बसते. नियम एवढाच कीं, पहिलीं दहा मिनिटें तिनें एकही माहिती सांगावयाची नाहीं. प्रश्न विचारावे, पाणी द्यावें, आणि ऐकलेलें आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावें. मग जागा पालटतात. ती बाळंतीण होते आणि आम्हांस गप्प बसावें लागतें. ह्या खेळांत आम्ही अनेकदां नापास झालों आहों.

मात्र ऐकणें म्हणजे सर्व गोष्टींस मान डोलावणें नव्हे. जुन्या वहींतलें एक पान आम्हीं जसेंच्या तसें ठेवलें आहे, आणि तें प्रत्येक सखीस पाठ असावें लागतें. बाळ सुस्त पडून पिण्यासही उठत नसेल, लंगोट भिजणें कमी झालें असेल, दोन आठवडे होऊनही जन्माचें वजन भरलें नसेल, कावीळ वाढत असेल. किंवा आईच्या स्तनावर लाल, तापलेली, दुखरी जागा असून तिला ताप भरला असेल. किंवा तिचें मन इतकें खचलें असेल कीं जगणें नको वाटतें असें ती बोलूं लागेल, तर सखीनें तत्काळ डॉक्टरकडे पाठवावें, आणि जमल्यास बरोबर जावें. आपली विद्या कोठें संपते, हें ज्या मदतनिसास कळत नाहीं, त्याच्या स्नेहाचाही अपाय होतो.

आमची ती विद्यार्थिनी परत आली. गेल्या एप्रिलच्या सभेंत कामावर रुजू होणारी एक आई तिच्यापुढें बसली होती. आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतों. आमच्या सखीचें बोट वर उचललेलें नव्हतें. तें त्या आईच्या कोंपराखालीं उशी सरकविण्यांत गुंतलें होतें. बराच वेळ तीच आई बोलत होती. जातां जातां आमच्या सखीनें तिला सांगितलें कीं, काढून ठेवलेलें दूध बाहेर आठ तास चालतें. आम्ही चमकलों. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखांतल्या उष्म्यांत चार तासांपेक्षां अधिक धरूं नये, असें आम्ही सांगत असतों. जीभ अगदीं टोकाशीं आली होती. पण तें दूध काढावयास अजून आठ दिवस अवकाश होता, आणि आमच्या जिभेला अवकाश शिकविणें त्याहून निकडीचें होतें.

सभा संपली. चटई गुंडाळतांना तिनें विचारलें, "बाई, आज कांहीं चुकलं का?"

आम्हीं विचारलें, "तुला काय वाटतं?"

ती उशा रचीत थोडा वेळ विचार करीत राहिली. मग एकदम म्हणाली, "दुधाचे तास! उन्हाळ्याचा हिशेब मीं धरलाच नाहीं." आणि उशा तशाच टाकून तिनें मोबाईल काढला, त्या आईस फोन लावला, आणि आपली चूक आपल्याच तोंडानें सांगून दुरुस्त केली. पलीकडून हंसण्याचा आवाज आला. ती आई पुढच्या महिन्यांत परत आली.

भाजीबाजारांतली ती दुसरी मुलगी मात्र अजून आलेली नाहीं. तिचें बाळ आतां बालवाडींत जाऊं लागलें असेल. ती कधीं समोर आली, तर आम्ही कांहींच सांगणार नाहीं. तिचें नांव विचारूं. तें विचारावयाचें त्या दिवशीं राहूनच गेलें.